व्हायोलिनमागची गिटार : याकी मातचिनी संगीतातून शिकवण्याचं एक प्रकरण

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात, एका शाळेत गिटारचा वर्ग सुरू व्हायचाय असं धरा. दहा मुलं, वय ११ ते १४. सहा-सात याकी या मूळनिवासी समाजाच्या घरांतली, बाकीची शेजारपाजारची. शिक्षक गिटारमध्ये तयार, पण समाजाबाहेरचा. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की मुलांच्या हातात गिटार देताच आहात तर आपल्या संगीतातून द्या. आठवड्यातून दोन तास, प्रत्येक ४५ मिनिटांचा, आणि हाताशी बारा आठवडे. शिक्षक आनंदाने हो म्हणतो, घरी जातो आणि याकींचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं, म्हणजे हरणाचं गाणं, गिटारवर बसवायला घेतो. गाडी रुळावरून घसरते ती इथे.

हा वर्ग नमुन्यादाखल मांडलाय, कुठल्या एका शाळेचा हा अहवाल नाही. पण असा वर्ग घ्यायला बसलं की ज्या अडचणी समोर येतात, त्याच इथे एकामागून एक घेतल्या आहेत.

गिटार बसते कुठे

याकी लोक स्वतःला योएमे म्हणवतात. मूळ मुलूख मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, याकी नदीकाठी. विकाम, पोताम, तोरिम, राहुम अशी आठ गावं. १६१७ मध्ये आंद्रेस पेरेस दे रिबास आणि तोमास बासिलिओ हे जेझुइट पाद्री तिथे पोहोचले. त्याआधी याकींनी स्पॅनिश फौजेला हरवलं होतं आणि मग तह केला होता, त्यामुळे नवा धर्म त्यांनी बराचसा आपल्या पद्धतीने घेतला. व्हायोलिन आणि हार्प याच वाटेने आले. १७६७ मध्ये जेझुइटांना स्पेनच्या राजाने हाकललं, तरी वाद्यं राहिली आणि देवळाचं सगळं काम याकींनी स्वतः चालवलं. पुढे मेक्सिकोत पोरफिरिओ दियासच्या राजवटीत हजारो याकींना पकडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर नेलं गेलं. जे निसटले त्यातले पुष्कळ उत्तरेला ॲरिझोनात आले. टूसॉनची पास्कुआ वस्ती, फिनिक्सजवळचं ग्वादालुपे ही गावं त्यांची. पास्कुआ याकी जमातीला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली ती १९७८ मध्ये.

हा इतिहास शिक्षकाला कशाला हवा? कारण यावरूनच कळतं, की याकी संगीत एक नाही, निदान तीन आहेत, आणि तिन्ही शेजारी शेजारी नांदतात.

पहिलं हरणाचं. माआसो, म्हणजे हरीण, नाचतो. गाणारे जमिनीवर बसून खाचांच्या लाकडी काठ्या घासतात आणि पाण्यावर उपडा ठेवलेला अर्धा भोपळा बडवतात. शब्द सेया आनिआचे, म्हणजे फुलांच्या जगाचे. इथे गिटार नाही.

दुसरं पास्कोलाचं. याकी भाषेत नाव पाहको'ओला, म्हणजे उत्सवातला म्हातारा. हा दोन तऱ्हांच्या साथीवर नाचतो. हार्प आणि व्हायोलिन वाजत असतात तेव्हा मुखवटा चेहऱ्यावरून बाजूला सारलेला असतो. एकच माणूस एका हाताने बासरी आणि दुसऱ्याने ढोल वाजवतो, त्याला ताम्पालेओ म्हणतात; तो वाजवू लागला की मुखवटा तोंडावर येतो. पायाला पतंगांच्या कोशांच्या माळा, प्रत्येक कोशात बारीक खडे. इथेही गिटार नाही.

तिसरं मातचिनींचं. मातचिनी हे मरियामातेचे शिपाई. डोक्यावर रंगीत कागदी फुलांचा आणि फितींचा मुकुट, त्याला सेवा म्हणजे फूल असंच नाव. एका हातात भोपळ्याचा खुळखुळा, दुसऱ्यात पिसांची काडी. रांगा धरून नाचतात, पुढे मोनाहा नावाचा म्होरक्या. बरेचजण यात नवसाने येतात: मूल आजारी पडलं, आईबापांनी मरियेला बोलले, मूल बरं झालं, की ते मातचिनींत नाचू लागतं. या नाचाला साथ व्हायोलिन आणि गिटार यांची.

गिटारची जागा ही. व्हायोलिन चाल वाजवतं, खुळखुळे ठेका धरतात, आणि दोघांच्या मध्ये गिटार जमीन अंथरते. वर्गाचा सगळा आराखडा यातूनच निघतो.

मराठी वाचकाला ही जोडी अगदीच परकी वाटू नये. गोव्यातही व्हायोलिन चर्चच्या वाटेने आलं आणि मांडोत घुमटाच्या जोडीला बसलं. वाद्य बाहेरचं, पण त्याने धरलेली जागा इथली, असा हा प्रकार आहे.

हरणाचं गाणं का नको

गिटारवर ते वाजवता येईल का? सूर सापडतील. पण त्या गाण्याला कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीची, गरज नाही. त्याखाली डी आणि ए सेव्हन हे कॉर्ड लावले की ते दुसरंच काहीतरी होतं. त्याहून मोठं कारण असं, की ते गाणं हरीणगायकांचं आहे. ते केव्हा गायचं, कुणी गायचं, कुठल्या गाण्यानंतर कुठलं यायचं हे ठरलेलं असतं. सरावाची धून म्हणून ते दहा मुलांकडून दोनशे वेळा घोटून घेणं बरोबर नाही. अमेरिकी संगीतसंशोधक फ्रान्सेस डेन्समोर यांनी १९२२ मध्ये ग्वादालुपेमध्ये याकी गाणी मुद्रित केली आणि १९३२ मध्ये ती स्वरलिपीसह छापली, त्यामुळे ती शिक्षकाच्या हाताला सहज लागतात. हाताला लागली म्हणून वर्गात आणायची असा नियम नाही.

इथे आणखी एक चूक होते, आणि चांगल्या हेतूने होते. 'आदिवासी संगीत' म्हटलं की शिक्षक पाच सुरांची, उदास, लाकडी बासरीसारखी धून शोधतो. मातचिनींची गत साधारणपणे आनंदी, शुद्ध स्वरांच्या सप्तकातली, दोन-तीन कॉर्डवर चालणारी, नाचायची असते. मुलांनी ती लहानपणापासून ऐकलेली आहे. त्यांना तुम्ही कोमल गंधाराची कुठलीतरी 'इंडियन' धून दिलीत तर ती नम्रपणे वाजवतील, घरी जाऊन आजीला दाखवतील, आणि आजी विचारेल, हे कुणाचं?

विचारायचं कुणाला

पहिल्या तासाच्या किमान महिनाभर आधी दोन भेटी हव्यात. एक जमातीच्या सांस्कृतिक विभागाशी, दुसरी स्थानिक मातचिनी मंडळींच्या वादकांशी. विचारायचे प्रश्न नेमके हवेत: कुठल्या गती वर्गात वाजवलेल्या चालतील? त्या कागदावर लिहिल्या तर चालेल का? तुमच्यातलं कुणी आठवड्यातून एकदा व्हायोलिन घेऊन येईल का, आणि त्याचा मोबदला काय ठरवायचा? शेवटच्या प्रश्नाला लाजू नये. शिक्षकाला पगार आणि व्हायोलिनवाल्याला नुसतं कौतुक, हे अन्यायाचं आहे.

वस्तीतल्या विधींचं चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, फोटो, एवढंच काय चित्र काढणं किंवा टिपण घेणंही मना आहे. मुलांना 'फोनवर रेकॉर्ड करून आणा' सांगायचं नाही, म्हणजे नाही. म्हणून वर्गाचा माल दोन भागांत वेगळा ठेवायचा. एक, शिक्षकाने त्या साच्यात स्वतः रचलेल्या सरावाच्या धुना. या फळ्यावर लिहा, घरी द्या, हव्या तेवढ्या घोटा. दोन, समाजाच्या खऱ्या गती. या फक्त व्हायोलिनवाल्याकडून, फक्त कानाने, आणि त्याने परवानगी दिली तेवढ्याच. दोन्हींची सरमिसळ झाली की तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी फोनवर नको ते सापडतं आणि वर्गाचा विश्वास जातो.

बारा आठवडे कुठले

हा प्रश्न गिटारच्या इतर वर्गांत कुणी विचारत नाही. इथे विचारावा लागतो. राख बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ, याकी भाषेत वाएहमा, हा दुसऱ्या मंडळींचा असतो, मातचिनींचा नव्हे. पवित्र शनिवारी ग्लोरियाच्या, म्हणजे देवाच्या स्तुतिगीताच्या, वेळी फुलं उधळली जातात, वाईटाचा पाडाव होतो. त्या बाजूला मातचिनी उभे असतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गात मातचिनी गत घोटत बसणं म्हणजे शिमग्याच्या दिवसांत गणपतीची आरती लावण्यासारखं. मुलांना ते लगेच खटकतं, शिक्षकाला मात्र पत्ता नसतो.

म्हणून ऑगस्टच्या शेवटी सुरुवात आणि बारावा आठवडा नोव्हेंबरच्या मध्याला, हे चांगलं बसतं. १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मरियेचा सण असतो. त्याआधी मुलांच्या कानात आणि हातात थोडं मुरलेलं असतं. उपवासकाळात वर्ग चालू ठेवायचाच असेल तर बोटांची तयारी, सूर जुळवणं, तारा बदलणं एवढंच करावं.

गिटारी आणि कोरडी हवा

नायलॉन तारांची गिटार घ्या. १३ वर्षांखालच्या, लहान हाताच्या मुलांना पाऊण मापाची, म्हणजे तारेची लांबी ५८० मिलिमीटरच्या आसपास. मोठ्यांना पूर्ण मापाची, ६५० मिलिमीटर. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) तारेची उंची पहिल्या तारेखाली ३ आणि सहावीखाली ४ मिलिमीटर. नव्या स्वस्त गिटारींत ती ५ पर्यंत सापडते. तेवढ्यावर अकरा वर्षांचं मूल दहा मिनिटांत बोट चोळत बसतं. तळाच्या घोडीची पट्टी काढून खालून घासायची. तारेची उंची १ मिलिमीटर उतरवायची तर पट्टी साधारण २ मिलिमीटर कमी करावी लागते. एकदम नाही; अर्ध्या मिलिमीटरने घासा, लावून पाहा, पुन्हा घासा. जास्त घासली गेली तर तार फ्रेटवर खडखडते आणि पट्टी नवीच घ्यावी लागते.

टूसॉनची हवा हा वेगळाच विषय आहे. मे-जूनच्या दुपारी हवेतला ओलावा १५ टक्क्यांच्या खाली जातो. जुलै ते सप्टेंबरच्या पावसात तो वर चढतो, आणि मग पुन्हा कोरडं. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतं. लाकूड सुकलं की आडव्या अंगाने आक्रसतं: आधी फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात, हाताला कुसळासारखी टोचतात, मग वरची फळी खाली बसते, तार फ्रेटला लागून कुरकुरते, शेवटी घोडीच्या मागे फळीला चीर जाते. फ्रेट टोचू लागले हीच घंटा समजा. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, आणि डबी गिटारच्या खोक्यात मानेखाली टाका. आठवड्यातून दोनदा भिजवा. स्पंजातून पाणी टिपकत असेल तर डबी ठेवूच नका. ओला डाग पडून फळीचा सरस सुटतो. (कोकणातल्या वाचकाला हे उलटं वाटेल, तिथे फुगलेल्या फळीशी झगडावं लागतं.) वर्ग संपला की गिटारी भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत, खोक्यात.

पहिले चार आठवडे: डावा हात गप्प

नेहमीच्या वर्गात कॉर्ड आधी. इथे उजवा हात आधी, आणि तो एकटाच. कारण साथीदाराची कॉर्ड चुकली तर नाचणाऱ्याला कळतही नाही, ठेका चुकला तर पाय अडखळतो.

डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवा, दाबू नका. आवाज बंद होतो, नुसती 'खट्' उरते. सहा मात्रा मोजा. दादरा आठवा: धा धी ना । धा तू ना. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर अंगठा, दुसऱ्या आणि पाचव्यावर बोटांनी खाली, तिसऱ्या आणि सहाव्यावर वर. हा पहिला नमुना, तीन-तीनचा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, दर तीन मात्रांना एक ठोका असा धरून मिनिटाला ५० ठोक्यांवर सुरू करा, चौथ्या आठवड्याच्या शेवटी ८० ला पोहोचलं की पुरे.

दुसरा नमुना त्याच सहा मात्रांचा, पण दोन-दोन-दोन: एकवर अंगठा, तीनवर खाली, पाचवर खाली, मधल्या मात्रा रिकाम्या. मेक्सिकोच्या लोकसंगीतात हे दोन नमुने एकमेकांत सारखे मिसळतात. एकाच चालीत व्हायोलिन दोन-दोन मोजतं आणि गिटार तीन-तीन. मुलांना शिकवताना आधी अंगावर घ्या: उभं राहून पायाने एक आणि चार, टाळीने एक, तीन, पाच. सुरुवातीला टाळी पायाच्या मागे पळते. 'पाय-आणि-टा-पा-टा-' असे बोल म्हणायला लावले की सुटतं: 'पाय' वर पाय आणि टाळी एकदम, दोन्ही 'टा' वर टाळी, मधल्या 'पा' वर नुसता पाय.

इथे ठरलेली चूक अशी: पाचव्या मात्रेवरून पुढच्या एकवर यायची घाई. सहावी मात्रा खाल्ली जाते आणि ठेका दर फेरीला थोडा पुढे पळतो. कारण साधं आहे, तिथे हात मोकळा असतो आणि मोकळ्या हाताला काहीतरी करावंसं वाटतं. उपाय, सहाव्या मात्रेवर हात तारांपासून चार बोटं वर उचलून दाखवायचा. हाताला काम मिळालं की घाई थांबते.

कोशांच्या माळा किंवा खऱ्या मातचिनी खुळखुळ्यांची या सरावाला गरज नाही. प्लास्टिकच्या बाटलीत दोन चमचे तांदूळ पुरतात, आणि ते तांदूळच आहेत हे सगळ्यांना दिसतं. ते तसं दिसलेलंच बरं.

पाचवा ते आठवा: तीन कॉर्ड

डी, जी आणि ए सेव्हन. व्हायोलिनला डी सोयीचा, आणि गिटारलाही: डीचा खर्ज चौथी मोकळी तार, ए सेव्हनचा खर्ज पाचवी मोकळी तार. म्हणजे डाव्या हाताला काहीच जमलं नाही तरी अंगठा बरोबर तारेवर पडला की साथ उभी राहते. हे मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवा. घाबरलेलं मूल सैलावतं.

डीला तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तार तिसऱ्यावर, पहिली तार दुसऱ्यावर. ए सेव्हनला चौथी आणि दुसरी तार, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर. तिसरी आणि पहिली मोकळी. जी सध्या अर्धीच: पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर, दुसरी-तिसरी मोकळ्या, अंगठा चौथ्या मोकळ्या तारेवर. पूर्ण जी या वर्गाला लागत नाही.

आता सरावाची धून. ही समाजाची गत नाही, त्या धाटणीवर वर्गासाठी रचलेली आहे. डी म्हणजे सा धरा. प्रत्येक घर सहा मात्रांचं. पहिला भाग:

डी: सा – ग प – ग
डी: म ग रे सा – –
ए सेव्हन: रे – ग रे – नि (खालचा)
डी: सा – – सा – –

हा दोनदा. मग दुसरा भाग, तोही दोनदा:

जी: म – ध म – ध
डी: प – ग प – ग
ए सेव्हन: रे म रे नि (खालचा) – रे
ए सेव्हन: प – म रे – नि (खालचा)
डी: सा – – – – –

दुसऱ्या भागात पाच घरं आहेत, चार नाहीत. हे मुद्दाम आहे.

पॉप गाण्यावर वाढलेल्या हाताला चारची सवय असते. पहिला भाग सुरळीत जातो. दुसऱ्या भागात तिसऱ्या घरी ए सेव्हन आला की दहापैकी सात-आठ मुलं चौथ्या घरी डीवर उडी मारतात, कारण 'चार झाले'. व्हायोलिन अजून ए सेव्हनवरच असतं. एक घरभर दोन्ही भांडतात, मग मुलं गोंधळून थांबतात. शिक्षकाचा हात लगेच फळ्याकडे जातो: 'इथे पाच आहेत, लिहून ठेवा.' लिहू नका. आज पाच लिहिलं तर मुलं पाच मोजतील, आणि व्हायोलिनवाल्याने उद्या तिसरं घर एकदाच घेतलं तर पुन्हा पडतील. कानाने आणि नाचाने टिकलेल्या संगीतात घरं लांबतात, आखडतात. चाल जिथे 'सा'वर बसेल तिथे ती बसते.

त्याऐवजी असं करा. गिटारी खाली ठेवा. व्हायोलिन, किंवा शिक्षकाचा आवाज, दुसरा भाग वाजवेल. मुलांनी फक्त लांब सा आला की हात वर करायचा. पाच-सहा फेऱ्या. मग वाजवणाऱ्याने न सांगता कधी चार घरं, कधी पाच, कधी सहा करायची. हात बरोबर सावर वर जायला लागले की गिटारी उचला आणि तेच कॉर्डने करा. साधारण दोन तास जातात. हे दोन तास म्हणजे या वर्गाचा गाभा आहे, आणि घाईत ते वगळले तर पुढचं सगळं नुसती कॉर्डची कवायत होते.

व्हायोलिनला मिळवणं

प्रत्येकाच्या गिटारला सूर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर असतो. व्हायोलिनवाला आला की तो काढून खिशात. व्हायोलिन जिथे असेल तिथे गिटार जायची. व्हायोलिनची सर्वांत खालची तार, जी, आणि गिटारची तिसरी तार हे अगदी एकच सूर, त्यामुळे सुरुवात तिथून. मग व्हायोलिनच्या डीला गिटारची चौथी, एक सप्तक खाली; ईला पहिली, तीही एक सप्तक खाली; एला पाचवी, दोन सप्तकं खाली. दोन सप्तकांचं अंतर मुलांना फसवतं, पाचवी हमखास चढी लागते; म्हणून ती पाचव्या फ्रेटवर दाबून आत्ताच मिळवलेल्या चौथीशी ताडून पाहा. दुसरी तार तिसरीच्या चौथ्या फ्रेटवरून, सहावी पाचव्या फ्रेटवर दाबून पाचवीशी.

दहा गिटारी अशा मिळवायला पहिल्या दिवशी २० मिनिटं जातात. जाऊ द्या. आठव्या आठवड्यात तेच काम सहा-सात मिनिटांत होतं.

नायलॉनच्या नव्या तारा आठवडाभर सैल होत राहतात. व्हायोलिनवाला येणार त्याच दिवशी तारा बदलल्या तर तासभर फक्त कान पिळणं चालतं. किमान दहा दिवस आधी बदला.

नववा ते बारावा: मागे बसणं

आता बसण्याची रीत बदलायची. शिक्षकाकडे तोंड करून अर्धवर्तुळ नको. व्हायोलिन मध्ये, गिटारी त्याच्या मागे आणि बाजूला, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, जिथे नाचणारे असते तिथे. व्हायोलिनवाल्याचा कोपर दिसला पाहिजे. गज उलटतो तो कोपरावरून कळतो.

इथे आवाजाचं गणित चुकतं. दहा गिटारी एका व्हायोलिनला सहज बुडवतात. सण-समारंभात मोजकेच वादक असतात. दहांचा ताफा ही शाळेची सोय आहे. म्हणून एका वेळी दोन किंवा तीनच वाजवतील, बाकीचे तारा बंद ठेवून नुसता ठेका धरतील, आणि दर चार फेऱ्यांनी न थांबता पाळी बदलेल. पाळी बदलताना ठेका तुटतो. येणाऱ्याने आधी एक फेरी बंद तारांनी घ्यायची आणि मग डावा हात दाबायचा, म्हणजे जोड दिसत नाही.

चांगल्या हाताच्या मुलाचा प्रश्न वेगळा. त्याला मधेच सुरावट टाकावीशी वाटते, स्पेनच्या फ्लामेंकोसारखा हात फिरवावासा वाटतो, मारियाची या मेक्सिकन वाद्यवृंदाचा बेस ठेवावासा वाटतो. त्याला दडपू नका. याकी समाजातून गॅब्रिएल आयाला यांच्यासारखे शास्त्रीय गिटारवादक पुढे आले आहेत, एकट्या गिटारचा रस्ता कुणाला बंद नाही. त्याला वेगळा वेळ द्या, वेगळी रचना द्या. पण व्हायोलिनमागे बसल्यावर त्याची गिटार बाकीच्यांसारखीच ऐकू आली पाहिजे. वेग हा दुसरा दोष: दमदार मूल प्रत्येक फेरीला दोन-तीन ठोके वाढवतं. मोकळ्या हवेत मुकुट घालून तासन् तास नाचणाऱ्याला ते कसं जाईल, हे त्याला चार शब्दांत सांगितलं की बहुधा पुरतं. त्याच्या घरातलंच कुणीतरी नाचत असतं.

धून एकदा सुरू झाली की निदान बारा मिनिटं थांबायची नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला उजवा खांदा वर चढतो, अंगठा आखडतो, खर्जाची तार बोथट वाजू लागते. शिक्षकाने फिरत राहून खांद्याला बोट लावायचं, बोलायचं नाही. कुणाचं मनगट दुखत असेल तर त्याने तारा बंद करून दोन फेऱ्या फक्त अंगठा चालवायचा. थांबायला परवानगी आहे, पण पुन्हा शिरायचं ते भागाच्या सुरुवातीला, मधेच नाही.

शेवटी पालकांसमोर कार्यक्रम करायचा का? शाळा तो मागतेच. सरावाच्या धुना खुशाल वाजवा. समाजाची गत वाजवायची असेल तर ज्याने शिकवली त्याला विचारून, मुकुट-खुळखुळ्यांचा देखावा न करता, आणि पडद्यावर 'याकी विधी' असं काही न लिहिता. शेवटी 'चिओकोए उत्तेसिआ' म्हणायचं, म्हणजे मनापासून आभार, आणि ते व्हायोलिनवाल्याकडे तोंड करून.

बाराव्या आठवड्याची परीक्षा एकच आहे. सगळ्यांनी डोळे मिटायचे. व्हायोलिन शिक्षकाची धून सुरू करेल, घरं लांबवेल, आखडेल, आणि कुठलाही इशारा न देता केव्हातरी सावर थांबेल. थांबल्यानंतर कुणाची गिटार एक ठोका वाजली तर चालेल. दोन वाजले तर त्या मुलाने पुढच्या सत्रात पुन्हा बसायचं, हात वर करण्याच्या सरावापासून. बाकीच्यांपैकी कुणाला पुढे खऱ्या वादकांच्या मागे जाऊन बसायचं असेल, तर ते मूल, त्याच्या घरचे आणि मातचिनी मंडळी मिळून ठरवतील. शाळेने त्याला प्रमाणपत्र द्यायचं नाही.